भाजीपुरती गाडी

शर्यतीच्या ट्रॅकवर पळवलेल्या स्पोर्ट्स कारला वॉरंटी मिळत नाही, आणि हे तपासण्यातच माझे केस पिकले. या गाडीचा गिअरबॉक्स जळून कोळसा झाला होता. “काका, ही गाडी फक्त आई चालवते, भाजी आणायला,” मुलगा म्हणाला. शेजारी आई पर्स पोटाशी धरून बसलेली. मी गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद वाचली, “एकाच रस्त्यावर साठ फेऱ्या?” “पार्किंग मिळेना,” आई म्हणाली. “ताशी दोनशे चाळीस?” “बाजार बंद व्हायला आला होता.” तिच्या चेहऱ्यावरची एकही रेष हलेना. मी मंजुरीच्या फॉर्मवर पेन टेकवलं आणि सहज म्हणालो, “बरोबर. परवा शर्यतीत एक आजीबाई शेवटून दुसऱ्या आल्या म्हणे. त्या वेगळ्याच असणार.” “आई, नको!” मुलगा ओरडला. तोवर पर्स उघडली होती. टेबलावर पदक आदळलं. “शेवटून? अहो, चष्मा लावा आणि नीट वाचा!”