ट्रायल रूममधला पिवळा बल्ब

वहिनी स्टुलावर चढली होती आणि तिचा दीर खालून स्टूल धरून रडकुंडीला आला होता.

"वहिनी, तुझ्या पाया पडतो, तो बल्ब लावू नकोस. तपासणीच्या बाई खालच्या मजल्यावर आल्यासुद्धा!"

"पाया नंतर पडा, भाऊजी. आधी स्टूल नीट धरा," वहिनी म्हणाली. तिने आपल्या कपड्यांच्या दुकानाच्या ट्रायल रूममधला पांढराशुभ्र, नवाकोरा, वीज वाचवणारा दिवा काढला आणि आपला जुना पिवळा बल्ब परत बसवला.

दीर त्या शॉपिंग सेंटरचा मॅनेजर. मालकांना इमारतीसाठी 'ग्रीन बिल्डिंग'चं सर्टिफिकेट हवं होतं, कारण त्याशिवाय वरचे मजले भाड्याने घ्यायला एकही मोठी कंपनी तयार नव्हती. सर्टिफिकेट नाही तर तुझी नोकरीही नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. बिचाऱ्याने जिवाचं रान केलं. गच्चीवर झाडं लावली. दारात सायकलींचा स्टँड केला, त्यावर लोक छत्र्या अडकवू लागले. आपोआप सुरू होणारे नळ बसवले. त्यांच्यापुढे हात इतके नाचवावे लागत, की माणूस हात न धुताच दमून परत येई. आता राहिले होते फक्त दिवे. एकाही दुकानात जुना, वीजखाऊ बल्ब चालणार नव्हता. सगळे दुकानदार मुकाट्याने तयार झाले. ऐकेना ती घरचीच.

तशी वहिनी हट्टी होती, पण दिरावर तिचा जीव होता. त्याच्या शब्दाखातर तिने सकाळी नवा दिवा लावूनही पाहिला होता. पहिलीच बाई ड्रेस घेऊन हसत आत गेली आणि तोंड पाडून बाहेर आली. "ड्रेस छान आहे हो," ती म्हणाली, "पण आत आरशात माझी सासू उभी आहे." दुसरी बाहेर आली ती चांगल्या डॉक्टरचा पत्ता विचारतच. जुन्या बल्बाखाली मात्र येईल ती बाई लग्नाच्या फोटोतल्यासारखी दिसायची. अर्धं दुकान त्या बल्बावर चालत होतं.

"माझं दुकान बसलं तर तुम्ही पोसणार का मला?" वहिनीने विचारलं.

"माझी नोकरी गेली तर तुलाच मला पोसावं लागेल!"

तेवढ्यात तपासणीच्या बाई दारात हजर. करकचून बांधलेले केस, हातात प्रकाश मोजायचं यंत्र, आणि कपाळाला अशी आठी की जणू जन्मतःच घेऊन आल्या होत्या. शेजारच्या केकवाल्याला त्यांनी फ्रिज उघडा ठेवल्याबद्दल असं काही झापलं होतं, की तो अजून ते दार पाठीने दाबून उभा होता. बाई तडक ट्रायल रूमकडे गेल्या.

"हे काय?" त्यांनी बल्बाकडे बोट दाखवलं.

दीर पांढराफटक पडला. त्याचा चेहरा पाहून वहिनी लगबगीने पुढे झाली. आपल्या हट्टापायी याची नोकरी गेली, देवा!

"चूक माझी आहे, मॅडम," ती घाईघाईने म्हणाली. "भाऊजींनी दिवा बदलला होता. मीच तो काढला."

"मला नीट बघू द्या," म्हणत बाई आत शिरल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दहा मिनिटं झाली तरी दार उघडेना.

"एवढं काय मोजतायत?" दीर कुजबुजला.

"मोजून झालं असेल. आता रागवायची तयारी चालली असेल."

मग दारावरून एक हात बाहेर आला. "तो मोरपंखी ड्रेस द्या जरा."

वहिनीने मुकाट्याने ड्रेस दिला. आतून आधी आरशापुढे गिरक्या घेतल्याचा आवाज आला, मग चक्क गुणगुणणं. अखेर दार उघडलं. बाई मोरपंखी ड्रेसमध्ये उभ्या होत्या, केस मोकळे, गाल लाल. दोघांना पाहताच त्यांनी घाईघाईने आठी परत घातली.

"हा बल्ब इथे अजिबात चालणार नाही. आत्ताच्या आत्ता काढा!"

दीर माकडासारखा स्टुलावर चढला. बल्ब उतरला, नवा दिवा लागला. बाईंनी यंत्र धरलं, आकडा पाहिला आणि मान डोलावली. "पास. ड्रेस मी घेतेय."

दिराने आनंदाने वहिनीला मिठीच मारायची बाकी ठेवली. वहिनीलाही हायसं वाटलं, पण रुमालात धरलेल्या त्या गरम बल्बाकडे पाहून तिला रडू आवरेना.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पर्स उघडली आणि हात पुढे केला.

"द्या तो इकडे. माझ्या घराला कुठे सर्टिफिकेट हवंय!"