मूठभर पीठ

आईचे हात संधिवातानं वाकडे झाले, तेव्हापासून घरची चूल अप्पांनी सांभाळली. अप्पांचा धाकटा भाऊ, दाऊदकाका, पंगतीत मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, “काय वहिनी, आज भाकरी कुणाच्या हातची?” लोक खिदळायचे अन् त्याच भाकरी निर्लज्जासारख्या चोपायचे. अप्पा मात्र मान वर करून पुढची भाकरी वाढायचे. आज तेर गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत अप्पांची पेटी खड्ड्यात उतरली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मूठमातीसाठी आधी आईला बोलावलं. आईनं मातीऐवजी पदराची गाठ सोडली. आत ज्वारीचं पीठ होतं. काका आडवा आला. त्याचे डोळे रडून सुजले होते. “वहिनी, सगळं गाव बघतंय. मेल्यावर तरी माझ्या भावाची इज्जत ठेवा!” माझ्या तोंडात शिवी आली होती, पण आई आधी बोलली, “कबरीतून उठल्यावर आपल्या प्रभूनं तळ्याकाठी निखारे पेटवले अन् शिष्यांना भाकर-मासळी करून घातली. त्याची इज्जत गेली व्हय, भावजी? मालक त्याच्याकडंच चाललेत. रिकाम्या हातानं कसं धाडू?” पाळकसाहेब जोरात “आमेन” म्हणाले. आईच्या वाकड्या बोटांतून पीठ पेटीवर पडलं. कुणी खिदळलं नाही. उरलेलं पीठ तिनं काकापुढं धरलं. “आता तुम्हीच सांगा सगळ्यांना, भाकरी कुणाच्या हातची?” काकानं चपला काढल्या, पीठ मुठीत घेतलं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, “माझ्या भावाच्या!”