आनंदरावांचे तीन सेट

बायको मंजुळा गेल्यापासून देवरामच्या घरात कुणाचाच आवाज नव्हता. म्हणून शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायला तो मानपाड्याहून पाय ओढत बाळकुमला आला. तिथे आनंदराव वारल्यावर त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी त्यांचे तीन सेट विकायला काढले होते.

"फार नाद होता ह्यांना. दूरचं स्टेशन लागलं की वेळ नि आवाज कसा येतोय, ते वहीत लिहायचे. भाऊ, तुम्ही लावून बघा, मी चहा टाकते," म्हणत त्या आत गेल्या.

देवरामने खुर्चीत बसून पहिला सेट लावला. खरखरीतून एक दमलेला पुरुषी आवाज आला. "चार वाजून दहा. खुर्ची करकरली. स्पष्ट."

तो चपापून सावरून बसला. मग दुसरा सेट लावला. त्याचा काटा भलत्याच स्टेशनवर होता, तरी आवाज तोच.

"चार अकरा. पुन्हा खुर्ची. आत कपबशा, अंधूक."

तिसरा लावायची इच्छा नव्हती, तरी हात गेलाच.

"चार बारा. श्वास. स्पष्ट, थोडा जोरात."

देवरामने तिन्ही सेट बंद केले. एकेक करून सगळे सेल काढून टेबलावर ठेवले.

सुमतीबाई ट्रे घेऊन आल्या. "कुठला पसंत पडला, भाऊ?"

तो काही बोलणार, इतक्यात बंद सेटमधून तोच दमलेला आवाज आला.

"चार चौदा. सेल काढले. श्वास नाही."

देवरामने मुद्दाम मोठ्याने श्वास घेतला, पण तो त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही.

"श्वास नाही," आवाज पुन्हा म्हणाला.