संपलं म्हणजे काय?

केरळहून नव्यानेच आलेल्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. वॉर्डाबाहेर येऊन ते रेवतीबाईंना म्हणाले, "ट्रीटमेंट स्टॉप्ड."

अंगणवाडीत शिकवणाऱ्या रेवतीबाईंना कामापुरतं इंग्रजी समजायचं. त्यांच्या नवऱ्याच्या, बळवंतरावांच्या, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचीही ट्रीटमेंट अशीच स्टॉप केली होती, आता उपयोग नाही म्हणून. बळवंतरावांच्या घशाच्या कॅन्सरनेही शेवटी तोच दिवस दाखवला होता तर!

तरी धीर एकवटून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, स्टॉप... की कम्प्लीट?"

डॉक्टर क्षणभर गोंधळले, मग त्यांनी कपाळावर हात मारला. "सॉरी, सॉरी! कम्प्लीट! कॅन्सर गॉन. गो होम!"

रेवतीबाई धावतच आत गेल्या. बळवंतराव उठून बसले होते. "काय म्हणाले गं?"

"संपलं हो सगळं!" त्या हुंदका देत म्हणाल्या.

बळवंतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोलून बसलो, ते तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं. रडता रडताच त्यांना हसू फुटलं. "अहो, तसं नाही! उपचार पूर्ण झाले. बरे झालात तुम्ही. उठा, घरी जायचंय!"