करंगळीची शाई

शाळेच्या स्पर्धेत मी रोटाव्हायरसच्या लसीवर असलं भारी भाषण ठोकलं की पहिलाच नंबर! माझं ऐकून गल्लीतल्या बायका बाळांना थेंब पाजूनही आल्या. राहिला फक्त आमच्या दादाचा सम्यक, कारण तेव्हा तो वहिनीबरोबर तिच्या माहेरी, केमला होता.

दहा महिन्यांचा होऊन तो घरी आला, तशी मी आईच्या मागेच लागले. आईनं त्याची करंगळी माझ्या नाकापुढं धरली. "ही शाई दिसत न्हाय व्हय? रविवारीच थेंब पाजलेत की!"

"अगं, ते पोलिओचे! जुलाबाचे वेगळे असतात. आणि पहिला डोस वर्षाच्या आतच देतात."

"बक्षीस मिळालं म्हणून लई शहाणी झालीस!" दादा-वहिनीही हसले. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, बाकी तिचं कोण ऐकतंय?

परवा सम्यकचा पहिला वाढदिवस धूमधडाक्यात झाला. आज तो दवाखान्यात आहे. जुलाबानं डोळे पार खोल गेलेत, हाताला सलाईन लावलंय.

आईनं माझा हात घट्ट धरला.

"संघप्रिया, तुझं ऐकते बाई. बरा झाला की ते थेंब आपण लगेच पाजून आणू."