सातवी बाटली

टेबलावर सहा बाटल्या भरलेल्या होत्या. दोन शाळेच्या नळांच्या, दोन दवाखान्याच्या, एक ताईच्या स्वयंपाकघरातली, एक चर्चच्या नळाची. सातवी तिच्या हातात होती. रिकामी.

"मामा, ताईच्या मुलाच्या रक्तात शिसं निघालंय. नगराध्यक्षांनी नवे पाइप टाकल्यानंतर. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा निवडून येतील आणि पाइप तसेच राहतील. माझ्या तपासणीच्या कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही, तुमच्यावर ठेवतील. उद्याच्या उपदेशात दोन वाक्यं बोला, बस."

मामा या चर्चचे पाळक. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "चर्च म्हणजे चावडी नव्हे, पोरी."

"नगराध्यक्ष पहिल्या बाकावर बसतात, म्हणून?"

"पहिल्या बाकावरही पापीच बसतात. मी कुणाचं नाव घेत नसतो."

"नाव नका घेऊ. 'नळाचं पाणी पिऊ नका' एवढंच म्हणा. की पाणीही राजकारणात गेलं?"

"आज पाणी, उद्या रस्ते. मग देवाचं कधी बोलायचं?"

"तोंडात मिठाची गुळणी धरून देवाचं बोलता येतं?"

"जीभ आवर!" मामा उसळले. "उद्या माझ्या नातवाचा बाप्तिस्मा आहे. तीन महिन्यांचं लेकरू. कुंड मी स्वतः भरलंय, इथल्याच नळावरून. सेवकालाही हात लावू देत नाही मी. पाण्यात खोट असती, तर त्याच्या कपाळावर ओतलं असतं?"

मामा हट्टी होते, भित्रे होते, पण नातवावर जीव टाकायचे.

म्हाताऱ्या सेवकानं दोन कप चहा आणून ठेवला. मामांनी आपलाही कप तिच्यापुढे सरकवला. "तूच घे. मी सोडलाय."

तिनं रागारागानं दोन्ही संपवले. मग वेदीशेजारच्या दगडी कुंडात सातवी बाटली बुडवली आणि चिठ्ठी चिकटवली.

रविवारी उपदेशाच्या शेवटी मामा म्हणाले, "पाण्याबद्दलच्या अफवांवर विश्वास ठेवू नका. याच पाण्यानं आज मी माझ्या नातवाला बाप्तिस्मा दिलाय."

पहिल्या बाकावरून खणखणीत 'आमेन' आलं.

सोमवारी प्रयोगशाळेत तिनं प्रत्येक नमुना दोनदा तपासला. शिशाची मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम. शाळा: अडतीस, एक्केचाळीस. दवाखाना: चौतीस, छत्तीस. ताईचं घर: सत्तेचाळीस. चर्चचा नळ: त्रेचाळीस.

बाप्तिस्म्याचं कुंड: शून्य. दोन्ही वेळा.