न पाहिल्याचा दाखला

शेवटी मित्रांनी ठरवलं, सिनेमा थिएटरातच बघायचा. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा; अजून शुक्रवार सकाळ आहे आणि निनाद थिएटरात एकटाच बसलाय. नव्या सिनेमाला आधी त्याला धाडायचं, तो चांगला म्हणाला तरच बाकीच्यांनी जायचं, हा त्यांचा रिवाज. मग त्याला मात्र कुणी नेत नाही. "तू तर बघितलायस ना!"

म्हणून यावेळी तो डोळे मिटून, कानांत बोटं घालून बसला.

बाहेर येऊन फोन केला. "चांगलाय. पण मी बघितला नाही, आईशप्पथ. रविवारी मीही येतो."

"याला परत बघायचाय, म्हणजे भारीच असणार!" पलीकडे सगळे हसले. "निन्या, तुझं तिकीट नाही काढलं रे."

निनादनं थिएटरच्या व्यवस्थापकाला अर्ज लिहिला: "मी सदर चित्रपट पाहिलेला नाही, असा दाखला मिळावा, ही नम्र विनंती."